पटावरचे सात

माझ्या शाळेची हजेरी घ्यायला मला एक मिनिटही लागत नाही. पटावर मुले सात. पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत तीन आणि चौथीत एक. त्यातली तिघे एका घरातली, दोघे शेजारच्या. त्यामुळे एका घरात तापाची साथ शिरली की माझी निम्मी शाळा अंथरूण धरते, आणि वाडीत लग्न निघाले की सबंध शाळाच वरातीबरोबर चालू लागते. खरे म्हणजे कोण आले आणि कोण नाही हे मला पायरीवरच्या चपलांवरूनच कळते. तरी मी रोज नावे मोठ्याने घेतो, आणि पोरेही छप्पर हादरेल अशा आवाजात "हजर" म्हणतात. शाळा म्हटली की हजेरी हवी.

शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आहे. वाडीचे नाव सांगत नाही. सांगितले तरी आपल्याला ते नकाशावर सापडायचे नाही. जिल्हाही तसा लहानच. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांत कमी माणसे आमच्याकडे निघाली : ८,४९,६५१. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, हीच माणसे ८,६८,८२५ होती. साऱ्या देशात माणसे वाढत असताना आम्ही कमी झालो. त्याचे कारण कुणाला विचारायला नको. गणपतीत चाकरमानी येतात, पाच-सात दिवस वाडीत आरत्या दुमदुमतात, अंगणात क्रिकेट चालते. आणि विसर्जन झाले की कुलपे लागतात. कुलपांची घरे पाठीवर घेऊन वाडी पुन्हा वर्षभर बसते.

साक्षरता मात्र शेकडा पंच्याऐंशीच्या वर. ती अशाच वाडीवाडीवरच्या शाळांनी आणली. शाळेने माणसे शिकवली, शिकली म्हणून ती बाहेर गेली, आणि ती गेली म्हणून शाळा ओस पडू लागली. आपल्याच यशाने रोड होत जाणारी अशी दुसरी संस्था माझ्या तरी पाहण्यात नाही.

या शाळेत मी आलो २००१ साली. आलो म्हणण्यापेक्षा शाळाच माझ्याकडे आली. मी मॅट्रिक होऊन मुंबईला गेलो होतो, तिथे चार-पाच वर्षे इकडेतिकडे काढून हात हलवीत परत आलो होतो, आणि रात्री कंदिलाशी बसून कादंबरी लिहीत होतो. गावाच्या दृष्टीने मी वाया गेलेलाच होतो. त्याच सुमाराला सरकारने वस्तीशाळांची योजना काढली. जिथे जवळपास शाळा नाही अशा वस्तीवर मुले गोळा करायची, स्थानिक शिकलेला एखादा तरुण बघायचा, आणि त्याला 'स्वयंसेवक' म्हणून महिना हजार रुपये मानधन द्यायचे. आमच्या वाडीत शिकलेला आणि रिकामा असा मी एकटाच होतो. निवड झाली.

इमारत नव्हती. वाडीतल्या एका आजींनी आपली पडवी दिली. एका बाजूला भाताची कणगी, दुसऱ्या बाजूला म्हशीचा गोठा, आणि मध्ये तेवीस मुले. म्हैस हंबरली की पाढे थांबत. आजींना स्वतःला अक्षर येत नव्हते, पण उंबऱ्यावर बसून त्या रोज ऐकत, आणि एखादा पोर चुकला की माझ्याआधी "चुकलो रे चुकलो!" म्हणून ओरडत. पुढे त्यांनीच रस्त्याकडची तीन गुंठे जागा शाळेला लिहून दिली. कागदावर अंगठा उठवताना त्या म्हणाल्या होत्या, "माझो आंगठो ह्यो शेवटचो. हेच्या फुडे ह्या वाडीत कोणी आंगठो लावूक नको."

त्या जागेवर सर्व शिक्षा अभियानाच्या पैशांतून चिऱ्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. तेव्हा दर शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला पाचशे रुपये मिळत. त्यांतून मी पुठ्ठे, रंग, मणी आणि दोरा आणी. पुढे ते पाचशे बंद झाले. तोपर्यंत चिंचोक्यांनी गणित शिकवण्याची मला सवय लागली होती, आणि चिंचोक्यांना अनुदान लागत नाही.

मधल्या काळात बरेच घडले. २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. वस्तीशाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या. सेवेत असतानाच मी अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि २०१४ साली राज्यातल्या माझ्यासारख्या निमशिक्षकांना कायम करण्यात आले. तेरा वर्षांनी मी 'स्वयंसेवक'चा 'गुरुजी' झालो. पोरे मात्र पहिल्या दिवसापासून गुरुजीच म्हणत होती.

ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी मला चांगली आठवते. पटावर खोटी नावे दाखवून अनुदान लाटले जाते अशी ओरड होती, म्हणून तीन दिवसांत सबंध राज्यातली मुले मोजायची ठरली. आमच्याकडे साहेब चालत आले, कारण गाडी येत नव्हती. त्यांनी सतरा मुले मोजली आणि तीच पुन्हा दुसऱ्या शाळेत मोजली जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या बोटाला शाई लावली. पोरे खूष! एकाने घरी जाऊन सांगितले, "आमी मतदान करून इलंव." मला हसू आले, पण रात्री वाटले, पोर चुकीचे बोलले नाही. आमच्या धंद्यात मूल हे मतासारखेच आहे. ते मोजले जाते. त्याला काय येते हे कुणी बोट धरून बघत नाही.

कारण पैसा पटावर येतो. आता समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान मिळते, ते असे : तीस मुलांपर्यंत दहा हजार, एकतीस ते शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार, आणि त्यापुढे एक लाख. आम्ही दहा हजारांत. त्यातले शेकडा दहा स्वच्छतेसाठी. उरले नऊ हजार. त्यांत विजेचे बिल, खडू, रजिस्टरे, कुलूप, दुरुस्ती आणि इंटरनेट.

एकदा आमच्या तालुक्याच्या कचेरीत मी म्हटले, "साहेब, कौले फुटली आहेत. पैसे पुरत नाहीत." तिथला कारकून हुशार होता. त्याने तिथल्या तिथे भागाकार केला. "गुरुजी, तुमच्या एका मुलामागे वर्षाला चौदाशेवर रुपये पडतात. हजारांवर पट असलेल्या शाळेला मुलामागे शंभरही पडत नाहीत. तक्रार त्यांनी करायची!"

हिशेब बिनचूक होता. मी उठून आलो. घाटी चढता चढता उत्तर सुचले. माझी उत्तरे नेहमी घाटीतच सुचतात. मी म्हणायला हवे होते की, बाबा रे, छप्पर डोकी मोजून गळत नाही. पाऊस सात मुलांवर सत्तर मुलांइतकाच पडतो. दिवा सातांसाठी लावला तरी तेवढाच जळतो. भाताचे मात्र तसे नाही, ते डोक्यावर मोजता येते : पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, आणि मे २०२५ पासून डाळ, तेल, भाजी, जळण मिळून ६ रुपये ७८ पैसे. आमच्या सातांचे झाले ४७ रुपये ४६ पैसे. आजींची सून खिचडी करते, आणि पैसे संपले तरी परसातला दुधी संपत नाही, म्हणून चालते.

हे सारे मी कारकुनावर रागावून लिहीत नाही. "पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न त्याने शोधून काढलेला नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात कोतळूक नावाचे गाव आहे. तिथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधाच्या कारणांत खर्च हे होतेच. त्याआधी १९०६ साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते आणि पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात. संस्थाने लहान होती, पण त्यांना पैसे सापडले.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, मास्तर मोठा सज्जन दिसतो. गरीब बिचारी शाळा, आणि पटाच्या नावाने तिला छळणारे जग. म्हणून आता दोन गोष्टी सांगतो. सांगायला जड जातात, पण सांगितल्या नाहीत तर वरचे सारे खोटे होईल.

पहिली गोष्ट. करोनाने मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्याकडे लहान वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. तेव्हा मी 'असर' या पाहणीसारखी चाचणी घेतली. ती फार सोपी असते : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. चौथीत एक मुलगा होता, घरी शेळ्या. त्याच्यापुढे मी गोष्ट ठेवली. तो नुसता बघत राहिला. उतारा ठेवला. त्याने ओठ हलवले. शब्द ठेवले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला फक्त अक्षरे येत होती. वहीतले त्याचे अक्षर मोत्यासारखे होते, कारण तो फळ्यावरचे चित्रासारखे उतरवून घेत असे, आणि मी त्याखाली 'छान' लिहीत होतो.

देशाची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. त्या पाहणीप्रमाणे २०१८ साली ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सत्तावीस जणांना दुसरीचे पुस्तक वाचता येत होते. २०२२ मध्ये ते वीसवर आले, आणि २०२४ मध्ये पुन्हा सत्तावीसवर चढले. पण आकड्यांच्या आड लपायची सोय मला नव्हती. माझा पट नऊ होता. चार वर्षांतली दोन करोनाने खाल्ली, हे खरे; पण उरलेली दोन माझीच होती. पट लहान असला की शाळा आपोआप चांगली होते असे नाही. लहान पटात आळसही चांगला मुरतो.

मग रोज शाळा सुटल्यावर मी अर्धा तास त्याच्याबरोबर सड्यावर जाऊ लागलो. त्याच्या शेळ्या चाळीस. त्यातल्या सतरा व्हाळापलीकडे गेल्या तर अलीकडे किती, हे तो डोळे मिटून सांगे. कागदावर चाळीसातून सतरा वजा करायला सांगितले की घाबरे. त्याला गणित येत होते, आमच्या कागदाची भाषा येत नव्हती. मी शेळ्यांची नावे लिहायला घेतली. 'पवळी' हे त्याने स्वतः वाचलेले पहिले नाव. शिमगा होईपर्यंत तो गोष्ट वाचू लागला. नऊ मुले होती म्हणून मला सड्यावर जाता आले. पन्नास असती तर तो मुलगा 'छान' या शेऱ्यासह पाचवीत गेला असता, आणि पुढे कुणालाच काही कळले नसते.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली आहे. २०१८ साली माझी मुलगी पहिलीच्या वयाला आली. तेव्हा शाळेचा पट चौदा होता. रस्ता नुकताच झाला होता, आणि त्यावरून तालुक्याच्या गावच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागली होती. बायको म्हणाली, "आपला एकच चेडू. तेका इंग्रजी येवक नको?" मी म्हटले, "मी शिकवतो ना." ती काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितले. त्या बघण्यात माझे मॅट्रिक, मुंबईहून परत येणे, हजार रुपयांची तेरा वर्षे, सारे होते. जूनमध्ये मुलगी पिवळ्या गाडीत बसली.

वाडीत कुणी काही म्हणाले नाही. आमच्याकडे माणसे अशी बोलत नाहीत. पण पुढच्या वर्षी तीन घरांतली पाच मुले त्या गाडीत बसली. एका बापाला मी विचारायला गेलो, तर तो मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, तुमीच वाट दाखवलात." चौदाचे नऊ झाले. शाळा रिकामी करायला मुंबई होती, जन्मदर होता, पिवळी गाडी होती. पण पहिला धक्का मी मारला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने म्हटले होते की गावातल्या सगळ्या थरांतली मुले एकाच शेजारच्या शाळेत जावीत. थोरामोठ्यांची मुले तिथे असली की त्या शाळेकडे लक्ष देणे सर्वांना भाग पडते. मी थोर नव्हतो; पण वाडीत शाळेचा शब्द माझाच होता, आणि माझे मूल तिथे नव्हते.

२०२३ सालच्या दिवाळीत मुलीच्या शाळेला आमच्याआधी चार दिवस सुट्टी लागली. ती सहावीत होती. घरी कंटाळली म्हणून माझ्याबरोबर शाळेत आली आणि मागे बसली. मी वाचनाचा तास घेत होतो. सात मुले, प्रत्येकाने एक पान वाचायचे. एकाने वाचले, दुसरा त्याला अडवून प्रश्न विचारी, तिसरी हसे. तासात प्रत्येकाचा दोनदा नंबर आला. मग तिसरीतल्या एका चिमुरडीने पुस्तक माझ्या मुलीपुढे धरले : "ताई, आता तू."

ती वाचू लागली. अडखळत, जोडाक्षरांशी थांबत. पोरे शांत झाली. त्यांना वाटले होते, शहराकडची ताई भरभर वाचील. ती चिमुरडी हळूच तिच्या बोटाखाली आपले बोट सरकवून शब्द फोडून दाखवू लागली. मी खिडकीकडे वळलो. माझ्या तीन कादंबऱ्या घरच्या फळीवर आहेत. त्यातली एक मी मुलीला अर्पण केली आहे. तिने ती वाचलेली नव्हती, आणि का वाचली नव्हती ते मला त्या दिवशी कळले.

घरी जाताना घाटीत ती म्हणाली, "बाबा, तुमच्या शाळेत सगळ्यांचा नंबर येतो. आमच्या वर्गात आम्ही बावन्न आहोत. माझा नंबर आठवड्यातनं एकदा येतो, कधी येतच नाही." तिने तक्रार केली नाही. जे पाहिले ते सांगितले. मी म्हटले, "हं." घाटीत सुचणारे उत्तर त्या दिवशी सुचले नाही.

सुट्टी संपली आणि शाळेत साहेब आले. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यात तेव्हा सुमारे १५,००० शाळा होत्या, त्यांत मुले सुमारे १,८५,०००. त्या एकत्र करून समूह शाळा करता येतील काय, असा विचार त्या वर्षी सरकारात चालला होता. त्यासाठी पुण्याजवळच्या पानशेतचे आणि नंदुरबारातल्या तोरणमाळचे उदाहरण दिले जात होते. साहेब चांगले होते. त्यांनी नीट समजावले : मोठ्या शाळेत वर्गाला एक शिक्षक असेल, खेळायला गडी मिळतील, प्रयोगशाळा असेल. तुम्ही एकटे चार वर्ग कसे सांभाळणार? त्यांचे बोलणे खोटे नव्हते. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. सात मुलांत खो-खोचा एक संघसुद्धा होत नाही. ही उणीव मला रोज दिसते.

आजी काठी टेकीत आल्या होत्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी विचारले, "शाळा बंद करतले म्हणतत, ता खरा काय?"

"बंद नाही, आजी. मोठ्या शाळेत जोडायची. मुलांना न्यायला गाडी देऊ."

"गाडी बरी," आजी म्हणाल्या. "पण वरच्या घरची पोरां व्हाळापलीकडची. पावसात साकव जाता व्हावान. गाडी व्हाळार कशी येतली? उडत?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. जाताना त्यांनी मुलांना वाचायला लावले, साऱ्यांना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, वाचतात बरं का सगळी." ते वाक्य वहीत लिहिले की नाही, ते मला दिसले नाही. वहीत त्याला रकाना असावा असे मला मनापासून वाटते. पट, उपस्थिती, खर्च यांना रकाने आहेत. 'आज कितीजणांचा नंबर आला' याला नाही. लहान शाळा महाग पडते, हे मला मान्य आहे. पण ती महाग पडते त्याच कारणाने तिथे प्रत्येकाचा नंबर येतो, आणि तो येतो की नाही हे न बघता नुसता भागाकार केला तर उत्तर बरोबर येऊनही गणित चुकते. आणि तिथे मास्तर झोपला असेल, तर सात मुलांची शाळासुद्धा फुकट जाते. हेही त्याच रकान्यात लिहावे, माझ्या नावासह.

शाळा अजून आहे. यंदाच्या अनुदानातून पावसाआधी दीडशे कौले बदलली. पुढच्या जूनमध्ये चौथीतली मुलगी जाईल. पहिलीला एक मूल येईल असे आजींची सून म्हणते, पण त्याच्या आईने पिवळ्या गाडीचीही चौकशी केली आहे. तिला मी काही बोलायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? मात्र एक दिवस वाचनाच्या तासाला येऊन बसा, असा निरोप पाठवला आहे.

माझी मुलगी आता आठवीत गेली आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा तिच्यासाठी उशीर झाला. रात्री ती माझ्या कादंबरीची दोन पाने मोठ्याने वाचते. जोडाक्षरापाशी थांबली की मी सांगत नाही, वाट बघतो. बायको चुलीपाशी बसून ऐकते. घरात नंबर एकटीचाच, त्यामुळे रोज येतो.

फराळ झाला की सुट्टी संपेल. मग पायरीवर चपला दिसतील, मी हजेरीचे पुस्तक उघडीन आणि नावे मोठ्याने घेईन. एक मिनिटही लागणार नाही.